तिरीप डोळ्यावर आली की काळी काच का पुरत नाही

छत्रपती संभाजीनगरात राहून शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाचं एक दुखणं वाळूजला जाणाऱ्याला कळत नाही. शेंद्रा शहराच्या पूर्वेला, जालना रोडवर. सकाळी जनरल शिफ्टला निघालं की सूर्य तोंडासमोर, संध्याकाळी घरी परतताना पुन्हा तोंडासमोर. वाळूज पश्चिमेच्या अंगाला, म्हणून तिकडे जाणाऱ्याच्या दोन्ही वेळा ऊन पाठीवर. नोकरी धरताना हे कुणी विचारत नाही; मोटारसायकलवर रोज जायचं असेल तर विचारायला हरकत नाही.

संभाजीनगर ते जालना हा साठेक किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम आहे. परभणी-पाथरीचंही तसंच. उलट सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, बीड, गेवराई असा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. तिथे ऊन बाजूने लागतं, एक दंड भाजून निघतो, पण रस्ता दिसतो. समृद्धीचा प्रश्नच नाही, तिथे दुचाकीला बंदी आहे.

पूर्व-पश्चिम रस्त्याचा वाईट काळही ठरलेला असतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. डिसेंबरात तो आपल्याकडे पूर्वेपासून साधारण २५ अंश दक्षिणेला सरकलेला असतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे जालना रोडवर डिसेंबरच्या सकाळी तो थोडा उजव्या हाताला असतो, चालून जातं. पण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तो अगदी रस्त्याच्या टोकाशी येऊन बसतो. सप्टेंबरात पाऊस पडून गेलेला असेल तर ओला डांबरी रस्ता खालून आणखी एक सूर्य दाखवतो.

यावर दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं: स्मोक काच घ्या. काळी किंवा आरशासारखी चमकणारी, हेल्मेटवर दिसतेही झकास. ती डोळ्याला आराम देते हे खरं. समोरचं जास्त दिसायला लागतं, हे मात्र खरं नाही.

डोळे दिपतात म्हणजे नेमकं काय होतं

दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि आपण दोन्हींना एकच नाव देतो. एक म्हणजे त्रास: डोळे बारीक होतात, पाणी येतं, घरी पोचेपर्यंत कपाळ ठणकतं. दुसरी म्हणजे दिसेनासं होणं: खड्डा, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, रस्ता ओलांडणारी म्हैस समोर असते आणि तरी डोळ्याला लागत नाही. त्रास सहन करता येतो. अपघात होतो तो या दुसऱ्या प्रकाराने.

त्याचं कारण डोळ्याच्या आत आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, त्यामागचं भिंग, आतला पातळ-घट्ट द्रव यांतून उजेड आत जातो, पण सगळाच सरळ जात नाही. थोडा विखुरतो. हा विखुरलेला उजेड मागच्या दृष्टिपटलावर एका पातळ पांढुरक्या थरासारखा पसरतो आणि रस्त्याचं जे चित्र तिथे उमटलेलं असतं त्यावर बसतो. दुपारच्या शोला टॉकीजचं दार कुणी सताड उघडं टाकलं की पडद्यावरचं चित्र जसं फिकट होतं, काळं करडं होतं आणि माणसांचे चेहरे विरघळतात, तसंच हे. प्रोजेक्टर तेवढाच उजेड टाकत असतो, पण दारातून आलेल्या उजेडाने त्याची रया घालवलेली असते.

आता त्या टॉकीजमध्ये तुम्ही काळा गॉगल लावून बसलात तर? चित्र अंधारेल आणि दारातून आलेला उजेडही अंधारेल, दोन्ही सारख्याच प्रमाणात. फिकट चित्र फिकटच राहील, फक्त काळोखात फिकट. स्मोक काच हेच करते. सूर्याचा उजेड निम्मा केला, म्हशीकडून येणाराही निम्मा केला, दोघांतलं प्रमाण होतं तिथेच राहिलं. डोळे आता मिचमिचत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की दिसतंय. उपाय एकच, दार लावणं. म्हणजे सूर्य तेवढा झाकायचा आणि रस्ता उघडा ठेवायचा.

हे दार किती उघडं आहे ते कोनावर ठरतं. आपण जिथे बघतोय त्या रेषेपासून सूर्य किती अंशांवर आहे, त्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात हा पांढरा थर वाढतो, असा एक जुना आणि बऱ्यापैकी टिकलेला ठोकताळा आहे. सूर्य ३० अंशांवरून १० अंशांवर आला की थर नऊ पट, ५ अंशांवर आला की छत्तीस पट. क्षितिजाशी सूर्य थोडा मंदही होतो, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी मोठी उडी दिसत नाही, पण दिशा हीच. म्हणूनच मे महिन्यात लातूरला दुपारी बारा वाजता, सूर्य अगदी डोक्यावर असताना, अंगाची लाही होते आणि रस्ता मात्र लख्ख दिसतो. आणि फेब्रुवारीतल्या गारेगार सकाळी आठला पुढची एसटी दिसत नाही.

ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. डोळे मिचकावत दोन सेकंद काढले तर तीसेक मीटर रस्ता अंदाजाने गेला.

आडोसा

शेतात उभा असलेला माणूस लांबचं बघताना कपाळावर आडवा तळहात धरतो. त्याला हे गणित कुणी शिकवलेलं नसतं, पण करतो तो बरोबर. गाडीवरही लोक डावा हात उचलून तेच करतात. त्यात गाडी एका हातावर येते आणि क्लचवरची बोटं जातात, म्हणून ते नको. तोच तळहात हेल्मेटवर बसवता आला पाहिजे.

सगळ्यात चांगली सोय म्हणजे पुढे चोच आलेलं हेल्मेट, डोंगरातल्या शर्यतीवाले घालतात तसं. मान थोडी वाकवली की चोच सूर्य झाकते, शिवाय तिची सावली काचेवरही पडते, आणि ही दुसरी गोष्ट फार कामाची आहे. ती पुढे येईल. तोटा असा की महामार्गावर वेग वाढला की वारा चोचीला धरून मान मागे ओढतो. गावात आणि तालुक्याच्या रस्त्यावर काही जाणवत नाही.

दुसरी सोय काही रुपयांची आहे: वायरमनची काळी टेप. व्हायझरच्या, म्हणजे हेल्मेटच्या पुढच्या काचेच्या, वरच्या कडेला, बाहेरच्या बाजूने, आडवी पट्टी. पण ती अंदाजाने चिकटवली तर एकतर उपयोग होत नाही, नाहीतर निम्मा रस्ता झाकते. हेल्मेट घालून, पट्टा आवळून, आपल्याच गाडीवर नेहमी बसतो तसं बसा. गाडी मेन स्टँडवर. काच बंद. लांब, रस्ता संपतो तिथे बघा. समोर उभ्या असलेल्या कुणाला तरी तुमच्या बुबुळांच्या रेषेत काचेवर स्केचपेनने बारीक खूण करायला सांगा. टेपची खालची कड त्या खुणेच्या दीड ते दोन सेंटिमीटर वर आली पाहिजे. काच डोळ्यापासून साधारण सात सेंटिमीटरवर असते, म्हणजे दीड सेंटिमीटर हे बारा अंशांच्या आसपास होतात. सूर्य त्याहून वर असेल तर पट्टीमागे आपोआप जातो. त्याहून खाली असेल तर हनुवटी किंचित खाली घेतली की जातो. पट्टी यापेक्षा खाली आणायचा मोह होतो, तो आवरा. सिग्नल, वरचे फलक, ट्रकच्या बाहेर आलेल्या सळया, हे सगळं त्याच भागात असतं.

पट्टीची कड धूसर दिसेल. ती डोळ्याच्या इतकी जवळ आहे की नजर तिच्यावर बसत नाही. पहिले एक-दोन दिवस खटकतं, मग विसरायला होतं. एप्रिलच्या उन्हात टेपचा गोंद पाझरतो आणि काचेवर चिकट डाग राहतो. तो साबणाच्या पाण्याने सावकाश निघतो. पेट्रोलने काढायला जाऊ नका. का ते पुढे सांगतो.

टोपी घालून वरून हेल्मेट चढवणारे पुष्कळ दिसतात, टोपीचा पुढचा भाग बाहेर काढून. सूर्य झाकला जातो, मान्य. पण हेल्मेटचं अस्तर डोक्याला घट्ट बसायचं ते टोपीवर बसतं, आणि आपटल्यावर हेल्मेट डोक्यावर फिरतं. पातळ स्कार्फ किंवा रुमाल बांधायची सवय असेल तर तो बांधूनच हेल्मेटचं माप घ्यावं.

काच स्वच्छ नसेल तर सगळं व्यर्थ

डोळ्याच्या आत जे विखुरणं होतं तेच व्हायझरवरही होतं, आणि तिथे ते आपल्या हातात आहे. धुळीचा प्रत्येक कण, प्रत्येक ओरखडा सूर्याचा उजेड पकडतो आणि पुढे फेकतो. टेपच्या पट्टीने डोळा सावलीत येतो, पण पट्टीखालची काच उन्हातच असते. ती खरबडलेली असेल तर स्वतःच पेटते. चोचीच्या हेल्मेटचा फायदा इथे आहे, ती काचेचा वरचा भाग तरी सावलीत ठेवते.

काच किती खराब झालीय ते आभाळाकडे धरून कळत नाही. काढून हातात घ्या, स्वतः दारात सावलीत उभे राहा, काचेवर ऊन पडू द्या आणि तिच्यातून एखाद्या काळोख्या जागेकडे बघा, समोरच्या गोठ्याच्या दाराआत किंवा झाडाखालच्या गर्द सावलीत. गेल्या वर्षभरात शर्टाच्या बाहीने, ओढणीच्या टोकाने, हातमोज्याने जे जे पुसलं ते सगळं लिहून ठेवल्यासारखं दिसेल. बहुतेक ओरखडे गोल गोल असतात, कारण हात गोल फिरतो.

हे ओरखडे येतात कुठून? व्हायझर बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. फुटत नाही, पण मऊ असते. वर कठीण लेप असतो, तो पातळ. आणि आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती काळी माती नाही, तिच्यात दगडाचा चुरा असतो, रुंदीकरणाच्या कामाचा, खडी क्रशरचा. पॉलिकार्बोनेटपेक्षा तो कितीतरी कठीण. कोरडी काच पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं.

म्हणून आधी पाणी. काच हेल्मेटवरून उतरवून नळाखाली धरायची, धूळ वाहून जाऊ द्यायची. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बोटांच्या टोकांनी, न रगडता. वाळलेले किडे निघत नाहीत म्हणून नख लावू नका. ओलं फडकं काचेवर पसरून पाच-दहा मिनिटं ठेवा, सुटतात. मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या. घरच्या आरशाला वर्तमानपत्र चालतं, इथे नाही. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेली काच पुसायची औषधं तर अजिबात नकोत. पॉलिकार्बोनेटला त्यांनी केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि लेप जातो. रस्त्यात पुसायची वेळ आलीच तर पिण्याच्या पाण्याची बाटली असते, ती काचेवर ओता.

खरबडलेली काच कशानेही पूर्ववत होत नाही. टूथपेस्ट घासण्याचा सल्ला फिरत असतो. त्याने उरलेला लेपही निघतो. बदलायची. बहुतेक कंपन्यांच्या हेल्मेटची काच सुटी मिळते आणि ती हेल्मेटपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. स्वच्छ पारदर्शक काच आणि वर टेपची पट्टी, ही जोडी माझ्या मते कुठल्याही स्मोक काचेला भारी आहे.

काच उघडी टाकून चालवणाऱ्यांचं म्हणणंही यातूनच कळतं. खरबडलेली काच वर केली की खरंच जास्त दिसतं. मात्र ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॉलीमागे उघड्या डोळ्यांनी एकदा गेलेला माणूस परत काच खाली घेतो.

गॉगल आणि इतर काळ्या काचा

काळं काहीच वापरू नये असं नाही. त्रास कमी होतो, थकवा कमी येतो, आणि दुपारी सिमेंटच्या पांढऱ्या रस्त्यावर त्याची गरजही असते. फक्त हिशेब ठेवावा. गॉगलच्या काचांचे ० ते ४ असे वर्ग असतात. वर्ग ३ ची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते. वर्ग ४ ची ३ ते ८ टक्के, आणि ती वाहन चालवायला नसते. आता अर्धा उजेड अडवणारी स्मोक काच आणि तिच्याखाली १५ टक्केवाला गॉगल लावला तर डोळ्यापर्यंत साडेसात टक्के पोचले. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या ठीक होत्या, एकत्र लावल्यावर तुम्ही नकळत वर्ग ४ मध्ये गेलात.

स्मोक काचेची खरी अडचण मावळतीनंतर कळते. शेंद्र्याहून निघताना ऊन असतं, केंब्रिज चौकात येईपर्यंत दिवेलागण झालेली असते, आणि काच बदलायला दुसरी जवळ नसते. मग काच वर करून, धूर खात घर गाठायचं. युरोपच्या हेल्मेट नियमांनुसार ८० टक्क्यांहून कमी उजेड सोडणाऱ्या व्हायझरवर ‘फक्त दिवसा’ अशी खूण लागते, ती यासाठीच. ज्या हेल्मेटमध्ये आतून खाली येणारी छोटी काळी काच असते ते इथे बरं पडतं, खटका ओढला की काच वर.

पोलराइज्ड गॉगलबद्दल बरेच गैरसमज आहेत. रस्ता, पाणी, समोरच्या कारचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून परतलेल्या उजेडाची कंपनं बरीचशी एकाच दिशेत, आडवी झालेली असतात. पोलराइज्ड काच ती दिशा अडवते, म्हणून ओल्या रस्त्याची चकाकी कमी होते. थेट सूर्याचा उजेड असा एका दिशेतला नसतोच, त्यामुळे समोरच्या सूर्यापुढे तो साध्या काळ्या गॉगलसारखाच. वर दोन भानगडी. पॉलिकार्बोनेटच्या व्हायझरमध्ये साच्यातून निघतानाचे ताण अडकलेले असतात, ते पोलराइज्ड काचेतून इंद्रधनुषी डागांसारखे दिसतात. आणि गाडीचा डिजिटल मीटर किंवा हँडलवरचा मोबाइल काही कोनांतून काळाठिक्कर होतो. शिवाय रस्त्यावर सांडलेल्या डिझेलची चमक दिसणं आपल्या फायद्याचं असतं, ती दिसेनाशी होऊ शकते.

उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा असेल तर हेल्मेटमध्ये तो बहुधा रुसलेलाच राहतो. तो अतिनील किरणांनी काळा होतो, आणि पॉलिकार्बोनेटची व्हायझर ते किरण बाहेरच अडवते. त्यात अशा काचा उष्णतेत कमी काळ्या होतात, म्हणजे मराठवाड्याच्या मे महिन्यात दुहेरी निराशा. पिवळ्या ‘नाइट’ गॉगलवर पैसे घालवू नका. रात्री आधीच कमी असलेला उजेड ते आणखी कमी करतात.

ऊन पाठीवर असलेल्यांसाठी

वाळूजवाल्यांनी निर्धास्त राहू नये. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात आहे. आपली सावली बघा: ती लांब आणि पुढे पडली असेल, तर समोरच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही असं धरून चाला. तो ओव्हरटेक करायला बाहेर निघेल, उजवीकडे वळायला घेईल, आणि मनात काही वाईट नसताना तुमच्या अंगावर येईल. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो. जुन्या गाडीचा अशा वेळी हाताने लावावा. मागून येणारं ऊन आरशातही उतरतं, म्हणून लेन बदलताना मान वळवून बघावं.

आणि काही वेळा कुठलाच उपाय चालत नाही. सूर्य क्षितिजापासून तीन-चार अंशांवर आला की तो झाकायचा म्हणजे रस्ताच झाकावा लागतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, दोन बोटं साधारण चारेक अंशांची. आपल्याकडे सूर्य तासाला चौदाएक अंश उतरतो. म्हणजे क्षितिज आणि सूर्य यांच्यात दोनच बोटं उरली असतील तर पंधरा-वीस मिनिटांचा खेळ आहे. बदनापूरला चहा घ्या, दिवस मावळू द्या, मग निघा. सकाळी हेच उलटं: अर्धा तास उशिरा निघालं तर सूर्य सहा-सात अंश वर गेलेला असतो आणि पट्टीमागे सहज जातो. ज्याचं कार्ड पंच व्हायचंय त्याने अर्धा तास लवकर, उजाडता उजाडता निघावं.

काच नवी आहे, पट्टी जागेवर आहे, चष्मा पुसलेला आहे आणि तरीही गेल्या वर्षीपेक्षा जास्त दिपतं, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात, असं असेल तर दोष डोळ्यातल्या भिंगात असू शकतो. वयाच्या पासष्टीपर्यंत डोळ्यातलं हे विखुरणं तरुणपणाच्या साधारण दुप्पट होतं, आणि मोतीबिंदू धरायला लागला की त्याहून पुष्कळ. तक्त्यावरची अक्षरं नीट वाचता येत असूनही हे होऊ शकतं, म्हणून तपासायला गेल्यावर ‘उन्हाकडे तोंड करून गाडी चालवताना दिसत नाही’ असं डॉक्टरांना मुद्दाम सांगा.